धुऱ्यावरचा अबोला: भावाशी पुन्हा बोलायला बसताना

आमची विहीर एक आणि मोटारी दोन. वडिलांच्या माघारी वाटण्या झाल्या, रान निम्मं-निम्मं झालं, विहीर सामाईक राहिली. एका उन्हाळ्यात पाण्याच्या पाळीवरून दादाचं आणि माझं वाजलं, ते पुढं नऊ वर्षं तसंच राहिलं. दोघांचे स्टार्टर एकाच पत्र्याच्या पेटीत. तो बटण दाबून गेला की मी जायचो. लग्नपत्रिकेत एकमेकांची नावं छापायचो, कारण भावकीत दिसलं पाहिजे. मांडवात मात्र दोन टोकांना बसायचो.

या नऊ वर्षांत आमचं बोलणं बंद होतं असं गाव म्हणायचं, पण रोज काहीतरी जात-येत होतंच. "तुमचे दादा म्हणत होते, कोर्टात बघून घेतो." "धाकट्यानं हॉटेलात चारचौघांत तुमचं नाव काढलं." स्टँडवरच्या चहाच्या हॉटेलातून, डेअरीच्या रांगेतून, कधी घरातल्याच माणसांच्या तोंडून. निम्मं खरं, निम्मं तिखट-मीठ लावलेलं. भांडण एका दिवसात झालं होतं. अबोला पोसला तो या निरोपांनी. पुढं गावच्या तंटामुक्त समितीत काही वर्षं बसलो, तेव्हा कळलं की हे आमच्याच घरचं दुखणं नव्हे. धुरा म्हणजे शेताचा बांध असो, पाणंद म्हणजे शेतरस्ता असो की वाटणी, दोन माणसांच्या मध्ये पाच माणसं उभी असतात, आणि मूळच्या दोघांनी एकमेकांच्या तोंडून काहीच ऐकलेलं नसतं.

तुटलेलं बोलणं पुन्हा जोडताना काय केलं की जमतं आणि काय केलं की विस्कटतं, ते इथं क्रमानं लिहितोय. एक गोष्ट आधीच सांगतो. जिथं मारहाण आहे, जिवाची धमकी आहे, घरातल्या बाईवर हात उचलला जातोय, तिथं या पायऱ्या चढायच्या नाहीत. तिथं आधी ११२ किंवा महिलांसाठीचा १८१ हा नंबर. समेटाचं नंतर बघता येतं, आणि तेही जिला त्रास झाला तिची मर्जी असली तरच.

पहिली पायरी: वहीत दोन रकाने

समोरच्याकडं जाण्याआधी एक रात्र स्वतःशी बसा. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडं कागदाच्या गोष्टी लिहा: किती फूट, किती तास, किती रुपये, कुणाच्या नावावर. उजवीकडं मनाच्या गोष्टी.

माझ्या डाव्या रकान्यात तीन ओळी आल्या. पाण्याची पाळी, धुऱ्याचे दोन फूट आणि सामाईक पाइपलाइनची दुरुस्ती. उजवीकडं पान भरलं. पहिलीच ओळ होती, "आई दवाखान्यात असताना खर्च मी केला, तू किती झाला म्हणून विचारलंसुद्धा नाहीस." ही ओळ नऊ वर्षांत मी एकदाही बोललो नव्हतो. भांडताना तोंडातून निघायचं ते धुऱ्याचं.

आता त्या धुऱ्याचा हिशेब करू. दोन फूट रुंद आणि चारशे फूट लांब म्हणजे ८०० चौरस फूट. एक गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, म्हणजे भांडण पाऊण गुंठ्याचंही नाही. एकरी आठ क्विंटल सोयाबीन धरलं तर गुंठ्याला वीस किलो पडतं, या पट्टीत पंधरा किलोसुद्धा नाही. क्विंटलला साडेचार हजार भाव धरला तरी साडेसहाशे-पावणेसातशे रुपये. तालुक्याच्या कोर्टात एक तारीख करायची तर गाडीभाडं, चहापाणी आणि बुडालेला रोज मिळून एवढे जातातच.

हा हिशेब करून बघाच, पण समोरच्याला चुकूनही ऐकवू नका. मी ऐकवला होता, मध्यस्थामार्फत. उत्तर आलं, "सातशेचंच हाय तर त्यानं सोडावं की." बरोबरच होतं त्याचं. हा हिशेब आपल्यापुरता असतो. भांडण डाव्या रकान्यातलं नाही हे आपल्याला पटावं, एवढ्यासाठी.

इथंच आणखी एक तपासून घ्या. तो माणूस फक्त तुमच्याशी बोलत नाही, की कुणाशीच बोलेनासा झालाय? पारावर येणं बंद, जेवण कमी, रात्री जागा, बँकेचं किंवा सावकाराचं नाव काढलं की उठून जातो? मग तो अबोला रागाचा नसेल. आपल्या मराठवाड्यात हे ओळखायला उशीर झालेली घरं प्रत्येक गावात आहेत. अशा वेळी पायऱ्या-बियऱ्या बाजूला ठेवा, जवळ जाऊन बसा आणि सरळ विचारा, "जीव नकोसा झालाय का? काही बरंवाईट करायचं मनात येतंय का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो ही भीती खोटी आहे. उलट विचारलं की माणूस मोकळा होतो. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर रात्रंदिवस चालू असतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. नंबर नुसता देऊन येऊ नका, स्वतःच्या फोनवरून लावून द्या. त्या रात्री त्याला एकटं सोडू नका, आणि फवारणीची औषधं घरातून हलवा.

दुसरी पायरी: कागद एकच असू द्या

दोन भाऊ बोलायला बसतात आणि दोघांच्या हातात दोन वेगळे कागद असतात. एकाकडं वडिलांच्या काळचा सातबारा, दुसऱ्याकडं कालची झेरॉक्स. मग तासभर कागदच भांडतात. बसण्याआधी सातबारा, आठ अ म्हणजे खात्याचा उतारा, वाटणीच्या नोंदीचा फेरफार आणि गटाचा नकाशा नव्यानं काढा, आणि दोन प्रती काढून एक त्याच्याकडं पोचवा. सोबत चिठ्ठी नको, टोमणा तर नकोच.

हद्दीचाच प्रश्न असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी होते, लगतच्या खातेदारांना नोटीस जाते, हद्दी दाखवणारी 'क' प्रत हातात मिळते. जमलं तर अर्ज दोघांनी मिळून करा. एकट्यानं आणलेली मोजणी समोरच्याला चाल वाटते. समितीत असताना मी हे दोनदा पाहिलं: भूकरमापक दुपारी खुणा करून गेला आणि सकाळी दगड विहिरीत. मोजणीनं हद्द कळते. तिथला दगड टिकवायचा तर दोघांचं मन लागतं.

तिसरी पायरी: पहिलं वाक्य

सगळ्यात अवघड हेच, आणि लोक सगळ्यात जास्त चुका इथंच करतात.

निरोप पाठवू नका. बायकोकरवी तर मुळीच नको, दोन्ही घरच्या बायका आधीच मधल्या मधे भरडल्या जात असतात. भावकीतला जो माणूस "मी बोलतो की त्याच्याशी" म्हणत आपण होऊन पुढं येतो, त्याला हात जोडा. मोबाईलवर लांबलचक मेसेज नको. लिहिलेल्या वाक्याला सूर नसतो, वाचणारा आपल्या मनातला सूर लावतो. आणि तो मेसेज चार ग्रुपांत फिरल्याशिवाय राहत नाही.

स्वतः जा. पहिल्या वाक्यात भांडणाचा विषय नको. माफी नको, हिशेब नको, "झालं गेलं विसरू" तर अजिबात नको, कारण जे झालं ते समोरचा विसरलेला नसतो आणि त्यानं ते सांगायच्या आधीच तुम्ही झाकण लावताय असं त्याला वाटतं. जे दोघांच्याही डोळ्यांपुढं आहे असं काहीतरी बोला. बैल, पाऊस, पोराची परीक्षा. मी नऊ वर्षांनी बोललो ते असं:

"दादा, तुझ्या मोटारीचा आवाज येगळा येतोय. बेअरिंग गेली वाटतं."

त्यानं वळून बघितलं. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "दोन दिस झालं." एवढंच. मी घरी आलो. दुसऱ्या दिवशी परत गेलो नाही, चार दिवसांनी गेलो. घाई केली असती तर यानं काहीतरी काम काढलंय असं त्याला वाटलं असतं. दोन-तीन अशा साध्या भेटी झाल्यावर विचारायचं, "एकदा निवांत बसावं म्हणतो, पाळीचं आणि बाकीचं. तुला कधी जमल?" दिवस त्याला ठरवू द्या.

चौथी पायरी: दिवस आणि जागा

मृगाच्या पेरणीत बसू नका, सोयाबीनच्या राशीत बसू नका, बँकेची नोटीस आलेल्या आठवड्यात बसू नका. अंधार पडल्यावर आणि घोट घेतल्यावर तर कधीच नाही. त्या वेळी माणूस मोकळं बोलतो असं म्हणतात, पण सकाळी त्यातलं एक वाक्य दोघांनाही सारखं आठवत नाही.

लातूर-धाराशिवकडच्या माणसांना मी एक दिवस आवर्जून सुचवतो: येळवस. मार्गशीर्षातली ही वेळा अमावस्या म्हणजे रानात कडब्याची कोप म्हणजे खोपी, पाच पांडव म्हणून चुना लावलेले दगड, भज्जी, बाजरीचे उंडे आणि मातीच्या बिंदग्यातली आंबील. त्या दिवशी वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवायला बसवायची रीत आहे. मग भावाला हाक मारली तर कोण नाव ठेवणार? बोलावणाऱ्याचं नाक खाली होत नाही, येणाऱ्याचंही होत नाही. त्या दिवशी फक्त जेवा. विषय काढू नका. बसायची तारीख मात्र तिथंच ठरवून घ्या, पुढच्या आठ दिवसांतली.

जागा म्हणाल तर पार नको, ग्रामपंचायत नको, पोलीस ठाण्याचं आवार नको. बघे जमले की माणूस भावाशी बोलत नाही, बघ्यांशी बोलतो. रानातलं लिंबाचं झाड बरं. ज्याच्यावरून भांडण, ती गोष्ट तिथं समोर दिसते, आणि राग अनावर झाला तर उठून विहिरीला एक चक्कर मारून येता येतं. फोन बंद करून चपलांजवळ ठेवा. चोरून आवाज भरून घेणं हा प्रकार हल्ली फार वाढलाय. तो एकदा उघडा पडला की पुढची दहा वर्षं गेली म्हणून समजा.

पाचवी पायरी: कोण बसणार, आणि बहिणीचं काय

दोघं, आणि फार तर एक तिसरा. तो तिसरा दोघांच्याही देण्याघेण्यात नसावा, निवडणुकीत कुणाच्या बाजूनं फिरलेला नसावा. त्याचं काम निवाडा देणं नाही, पाळी सांभाळणं आहे. १५ ऑगस्ट २००७ ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली तेव्हापासून गावोगावी समित्या झाल्या. काही गावांत त्या नुसत्या फलकापुरत्या उरल्या, काही गावांत अजून नीट चालतात. तुमच्या गावातली चालत असेल तर त्यातला एक माणूस मागा. सगळी समिती नको.

आता जे फारसं कुणी बोलत नाही ते. आपल्या बैठकीत बाप्ये लिंबाखाली बसतात आणि बाया दाराआड ऐकत उभ्या राहतात. जमिनीच्या बाबतीत तर बहिणीला शेवटच्या दिवशी बोलावतात, ते हक्कसोडपत्रावर सही घ्यायला. साडी-चोळी करतात, "तुला काय कमी हाय?" म्हणतात. ती सही करते, जेवते, डोळे पुसत गाडीत बसते. मग भाऊबीजेला ती आली नाही की भावाला नवल वाटतं.

कायदा साफ आहे. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये आणि केंद्रानं ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. २००५ मध्ये वडील हयात असण्याची अट नाही, हेही सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२० मध्ये सांगून टाकलं. तेव्हा ती सही देते म्हणजे स्वतःचा हिस्सा देते. सही मागण्याआधी, निबंधक कार्यालयाच्या दारात नव्हे, तिच्या घरी जाऊन विचारा, "अक्का, तुझ्या मनात काय हाय? तुला हिस्सा पाहिजे असला तरी सांग, आम्हांला वाईट वाटणार नाही." हे शेवटचं वाक्य खरं नसेल तर बोलू नका, ती लगेच ओळखते.

आम्ही आमच्या अक्काला लिंबाखाली बसवलं. तिनं जमीन मागितली नाही. म्हणाली, "आई आजारी होती तवा तुम्ही दोघं येगळं-येगळं फोन करून मला एकमेकाचं गाऱ्हाणं सांगत व्हता. आई कशी हाय ते कुणीच सांगत नव्हतं." त्यावर आम्हां दोघांकडंही काही उत्तर नव्हतं.

सहावी पायरी: प्रत्यक्ष बसल्यावर

नियम दोनच ठेवा, जास्त ठेवले की नियमांवरून वाजतं.

पहिला: ज्याच्या हातात वस्तू त्यानं बोलायचं. आमच्याकडं दादाची चुन्याची डबी होती. डबी दुसऱ्याकडं जाईपर्यंत मधे बोलायचं नाही. पोरखेळ वाटतो, पण पन्नाशीतल्या माणसांना हाच लागतो.

दुसरा: उत्तर देण्याआधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं. "तू म्हणतोस की उन्हाळ्यात मी रात्रपाळी सगळी तुझ्यावर ढकलली. असंच ना?" तो "हो" म्हणाला की मग आपलं बोलायचं. पहिल्या अर्ध्या तासात माझं तीनदा चुकलं. तो जे म्हणालाच नव्हता ते मी त्याच्या तोंडी घालत होतो. आपण ऐकत नसतो, उत्तराची जुळवाजुळव करत असतो, हे या एका नियमानं उघडं पडतं.

काही शब्द बाहेर ठेवा. "तू नेहमीच", "तू कधीच", "लोक म्हणतात", "तुझी बायको". दिवस-वार सांगता येत असेल तेवढंच बोला. "लोक म्हणतात" आलं की तिसऱ्यानं विचारायचं: कोण म्हणतं, नाव सांगा. नाव येत नाही. आलंच तर निरोप कुठून सुटत होते तेही कळतं.

आवाज चढला तर लगेच थांबवू नका. पैठणच्या एकनाथांचा हिंदू-तुर्क संवाद आठवा. दोघं आधी एकमेकांच्या रीतिभातींवर तुटून पडतात, बरंच उणंदुणं निघतं, आणि शेवटी एकमेकांना भेटतात. नाथांनी आधीचं उणंदुणं गाळलं असतं तर शेवटची भेट खोटी वाटली असती. लिंबाखालीही तसंच. साचलेलं बाहेर पडू द्या. फक्त शिवी आली, आई-बापाचं नाव निघालं की डबी तिसऱ्याकडं आणि दहा मिनिटं पाण्याची सुट्टी.

आणि मनातलं उजव्या रकान्यातलं निदान एक वाक्य बोलाच. मी दवाखान्याचं बोललो. दादा म्हणाला, "मला वाटलं तू माझ्याकडून घ्यायला नको म्हणशील, म्हणून इचारलं नाय. लाज वाटत व्हती." नऊ वर्षं मी त्याला माज समजत होतो.

सातवी पायरी: छोटं ठरवा, लिहून ठेवा

पहिल्याच बैठकीत सगळं मिटवायला जाऊ नका. एका हंगामापुरतं ठरवा. आमच्याकडं शेतीची थ्री फेज लाईट कधी दिवसा असते, कधी रात्री. म्हणून नुसते वार वाटून भागत नव्हतं, रातपाळी एकाच्याच वाट्याला यायची. आम्ही दिवसपाळीचे तास वेगळे मोजले, रातपाळीचे वेगळे, आणि दोन्ही निम्मे केले. मोटार ज्याची दुरुस्ती त्याची, पाइपलाइन दोघांची. अर्ध्या पानात मावलं. तारीख टाकून तिघांनी सह्या केल्या, एकेक प्रत घेतली.

एक हंगाम निभावला की मोठ्या गोष्टी. सहमतीनं वाटणी करायची तर जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडं अर्ज होतो. तुझं रान माझ्या ताब्यात आणि माझं तुझ्या, असं किमान बारा वर्षं चाललं असेल तर जानेवारी २०२३ मध्ये आलेली सलोखा योजना बघा, त्यात अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी प्रत्येकी हजार रुपये. मुदत चालू आहे का ते आधी विचारून घ्या. वहिवाटीचा रस्ता अडवला असेल तर तहसीलदारांकडं दाद मागता येते. कोर्टात दावा पडून असेल तर दोघांनी मिळून लोकअदालतीत ठेवायला सांगा: तडजोड झाली की तो निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो, त्यावर अपील नाही, आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते.

समोरचा बसायलाच तयार नसेल तर? दोनदा विचारा, तिसऱ्यांदा सहा महिन्यांनी. तोवर कायद्यानं जे करायचं ते करा, पण करण्याआधी त्याला स्वतः सांगा: "मी मोजणीचा अर्ज देतोय, तुला नोटीस येईल." पोस्टमनकडून कळणं आणि भावाकडून कळणं यात फरक पडतो.

नंतरचे दिवस

महिनाभरात निरोप पुन्हा सुरू होतात, कारण तुमच्या भांडणावर ज्यांचा चहा चालायचा त्यांना करमत नसतं. आम्ही एकच ठरवलंय. एकमेकांबद्दल काही कानावर आलं तर त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत, फोन करून विचारायचं. पहिल्या महिन्यात मी चार फोन केले, त्याचे सहा आले. दहापैकी नऊ गोष्टी बिनबुडाच्या निघाल्या. दहावी खरी होती, त्यावरून थोडं वाजलंही.

दवाखान्याच्या खर्चाचा हिशेब मात्र अजून राहिलाय. वही माझ्याकडं आहे, पावत्या आहेत. तो म्हणतो निम्मे देतो, मी म्हणतो आता कशाला, आणि अक्का म्हणते, तुम्ही दोघंही खोटं बोलताय. पुढच्या येळवशीला कोपीत बसून तो मिटवायचा असं ठरलंय. गेल्या येळवशीलाही असंच ठरलं होतं.